मजूरमंत्री बाबासाहेब, दामोदरचे पाणी आणि विज्ञान धोरणातली गाळलेली जागा

स्पर्धा परीक्षेच्या गाईडमध्ये एक प्रश्न हमखास असतो. भारताचे पहिले विज्ञान धोरण कधी आले? उत्तर : ४ मार्च १९५८, वैज्ञानिक धोरण ठराव. अभ्यासिकेत बसणारी आपली मुले-मुली हे उत्तर पाठ करतात, एक गुण मिळवतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. उत्तर चुकीचे नाही. पण त्या उत्तरासोबत एक चित्र डोक्यात बसते, ते मात्र तपासले पाहिजे. स्वातंत्र्य मिळाले, नेहरूंना विज्ञानाची आवड होती, भाभा आणि भटनागर सोबत होते, आणि या मंडळींनी मिळून एका दरिद्री देशाला धरणे, प्रयोगशाळा आणि आयआयटी दिल्या, असे ते चित्र. त्यात बाबासाहेब कुठेच नाहीत. त्यांना संविधानाच्या धड्यात आणि आरक्षणाच्या वादात बसवलेले आहे. विज्ञान-तंत्रज्ञान हा जणू दुसऱ्यांचाच प्रांत.

दुसऱ्या टोकाला आपलेच व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. दर १४ एप्रिलला एक मजकूर फिरतो. देशातली सगळी धरणे बाबासाहेबांनी बांधली, वीज बाबासाहेबांनी आणली, अमुक बाबासाहेबांमुळे, तमुक बाबासाहेबांमुळे. भावना आम्हाला कळते. ज्यांचे नाव ठरवून पुसले गेले त्यांचे नाव लोक दहापट मोठ्या अक्षरात लिहिणारच. पण असल्या मजकुराने समोरच्याची सोय होते. तो एक चूक दाखवतो आणि सगळेच उडवून लावतो. खरे तर अतिशयोक्तीची गरजच नाही. जे कागदोपत्री आहे तेवढेच नीट मांडले तरी १९५८ चे उत्तर अपुरे पडते. हा कागद कुठे लपवलेलाही नाही. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा खंड १० हा पूर्णपणे १९४२ ते १९४६ या मजूरमंत्रिपदाच्या काळाचा आहे. केंद्रीय जल आयोगानेही १९९३ मध्ये बाबासाहेबांच्या जलविषयक कामावर स्वतंत्र पुस्तक काढले. आपल्या घरोघरी खंड १ असतो, त्यातला जातिसंहार वाचलेला असतो. खंड १० मात्र बहुतेक कपाटांत कोरा राहतो. विधिमंडळातली उत्तरे, समित्यांतली भाषणे, खाण कामगारांची विधेयके, असे त्याचे कोरडे स्वरूप. पण चळवळीला आज त्या कोरड्या पानांची फार गरज आहे.

मजूर खात्यात वीज आणि नद्या

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. 'मजूर खाते' म्हटले की आपल्याला फक्त कामगार कायदे आठवतात. पण तेव्हाच्या त्या खात्यात खाणी होत्या, सरकारी बांधकाम होते, सरकारी छापखाने होते, आणि पाटबंधारे व वीजही होती. महायुद्ध चालू होते, आणि युद्धानंतर देशाची आर्थिक घडी कशी बसवायची यासाठी सरकारने पुनर्रचना समित्या नेमल्या होत्या. त्यातल्या सार्वजनिक बांधकाम आणि वीज यांच्या धोरण समितीचे अध्यक्षपद बाबासाहेबांकडे आले.

इथे कोणी म्हणेल, की योजना ब्रिटिश सरकारची, आराखडे इंजिनिअरांचे, बाबासाहेबांनी सह्या केल्या असतील. हा आक्षेप आम्ही अनेकदा ऐकला आहे, तोही शिकलेल्या माणसांकडून. योजना एकट्या बाबासाहेबांची नव्हती, हे मान्य. पण धोरण म्हणजे आराखडा नव्हे. वीज कोणाच्या मालकीची असावी, कशासाठी असावी, नदीकडे पूर म्हणून बघायचे की संपत्ती म्हणून, हे प्रश्न इंजिनिअर ठरवत नाही. ते राजकीय आणि आर्थिक प्रश्न आहेत, आणि त्यांवर बाबासाहेबांची स्वतःची भूमिका त्यांच्या भाषणांत स्पष्ट नोंदलेली आहे. अर्थशास्त्रात कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या मिळवलेल्या माणसाला सहीचा मंत्री समजणे हाही जातीचाच चष्मा आहे.

२५ ऑक्टोबर १९४३ रोजी त्या समितीपुढे केलेले भाषण बघा. विजेचा विकास खासगी असावा की सरकारी, खासगी ठेवायचा तर जनतेच्या हितासाठी कोणत्या अटी घालायच्या, जबाबदारी केंद्राची की प्रांतांची, असे प्रश्न ते एकामागून एक मांडतात. मग ते मुळावर येतात. भारताला वीज हवी ती दिवे लावण्यापुरती नाही. ती उद्योगीकरणासाठी हवी, आणि उद्योगीकरण हवे ते शेतीवर लोटलेल्या माणसांना दारिद्र्याच्या चक्रातून बाहेर काढण्यासाठी. म्हणून वीज स्वस्त हवी आणि मुबलक हवी.

हा विचार १९४३ मध्ये अचानक आलेला नाही. १९१८ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, बाबासाहेबांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला होता. जमिनीचे तुकडे झाले म्हणून शेती बुडाली, एकत्रीकरण केले की सुधारेल, असे तेव्हाचे तज्ज्ञ सांगत होते. बाबासाहेबांनी हे उलटे धरले. जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अडकून पडली आहेत, भांडवल कमी आहे, आणि यावर औषध शेतीच्या बाहेर आहे. ते औषध म्हणजे उद्योगीकरण. आपल्या समाजाच्या दृष्टीने याचा अर्थ काय होता ते वेगळे सांगायला नको. ज्यांच्याकडे जमीनच नव्हती, ज्यांना गावकीत बलुत्यावर राबवले जात होते, त्यांच्यासाठी कारखाना म्हणजे गावाबाहेर पडायचा रस्ता होता.

दामोदर

जुलै १९४३ मध्ये बंगालमध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला. बर्दवानजवळ बांध फुटला. ग्रँड ट्रंक रोड आणि रेल्वेमार्ग पाण्याखाली गेले, कलकत्त्याचा उत्तर भारताशी संपर्क तुटला. वर्ष कोणते ते लक्षात घ्या. जपानी सैन्य ब्रह्मदेशात होते आणि बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती. सरकार हादरले ते माणसांसाठी की युद्धाच्या वाहतुकीसाठी, यावर आमचा काही भ्रम नाही. पण चौकशी समिती नेमली गेली. बर्दवानचे महाराज तिचे अध्यक्ष होते, आणि सदस्यांत एक नाव होते भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांचे.

साहांविषयी आपल्याकडे फार बोलले जात नाही, म्हणून थोडे थांबतो. ढाक्याजवळच्या शेवरातली गावातल्या एका लहान दुकानदाराचा हा मुलगा. जात खालची मानलेली. कलकत्त्यात प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकताना वसतिगृहातल्या सवर्ण मुलांनी त्यांच्यासोबत जेवायला नकार दिला होता. पुढे ताऱ्यांच्या वर्णपटाचा उलगडा करणारे त्यांचे समीकरण जगभर गेले. हाच माणूस नद्या, पूर आणि नियोजन यांवर आपल्या 'सायन्स अँड कल्चर' मासिकातून सातत्याने लिहीत होता. १९३८ मध्ये सुभाषबाबूंच्या काँग्रेस अध्यक्षपदाच्या काळात राष्ट्रीय नियोजन समिती झाली, तिच्यामागेही साहांचा आग्रह होता. अमेरिकेत १९३३ मध्ये टेनेसी नदीच्या खोऱ्यासाठी एक स्वतंत्र प्राधिकरण झाले होते. पूर, सिंचन, वीज, जलवाहतूक हे सगळे एकाच हातात. दामोदरसाठी तसेच करा, असे साहा सांगत होते आणि समितीनेही तशीच शिफारस केली. एकाला पाण्याच्या माठाला हात लावू दिला नाही, दुसऱ्याला पंगतीत बसू दिले नाही, आणि दोघे एकाच नदीपाशी एकाच निष्कर्षाला आले. आम्हाला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. पण पुरावा म्हणून मांडावा इतके ते भक्कमही नाही, म्हणून एवढ्यावरच सोडतो.

शिफारस झाली, पण अंमलात कशी आणायची? १९३५ च्या कायद्याने पाणी हा प्रांतांचा विषय होता. दामोदर उगम पावते तेव्हाच्या बिहारमध्ये आणि बुडवते बंगालला. धरणे बांधायची तर जमीन बिहारची जाणार, पुरापासून बचाव मुख्यतः बंगालचा होणार. केंद्राला हुकूम सोडता येत नव्हता. ३ जानेवारी १९४५ रोजी बाबासाहेबांनी कलकत्त्यात बंगाल, बिहार आणि केंद्राच्या प्रतिनिधींची परिषद घेतली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा घेतली. त्याआधी टेनेसी खोऱ्यात काम केलेले अभियंता वूर्डुइन यांना बोलावून प्राथमिक आराखडा करून घेतला होता : आठ धरणे, सुमारे ५५ कोटींचा खर्च. परिषदेत बाबासाहेबांचा मुद्दा एकच होता. केवळ पूर अडवणारे धरण आम्हाला नको, बहुउद्देशीय योजना हवी. तीच भिंत पूर अडवेल, शेताला पाणी देईल, वीज देईल.

आज हे शाळेतल्या पाठासारखे वाटते. तेव्हा तसे नव्हते. १९४५ च्या नोव्हेंबरात कटकला महानदीसंदर्भात परिषद झाली, तिथले अध्यक्षीय भाषण वाचले म्हणजे फरक कळतो. ओरिसातल्या पुरांवर १९२८ पासून समित्या बसत होत्या, विश्वेश्वरय्यांसारख्या नामांकित अभियंत्याचे अहवाल आले होते. बाबासाहेब त्यांचा आदर राखून सांगतात की या सगळ्यांची दृष्टीच चुकली. त्यांनी जास्तीचे पाणी ही आपत्ती समजली आणि ते समुद्रात लवकरात लवकर कसे जाईल याचा विचार केला. पाणी ही संपत्ती आहे. माणसे जास्त पाण्याने मरतात त्यापेक्षा पाण्याच्या अभावाने अधिक मरतात. म्हणून ते घालवायचे नाही, साठवायचे. एक अर्थशास्त्रज्ञ देशातल्या सर्वांत मोठ्या अभियंत्यांना प्रश्न कुठे चुकला ते दाखवत होता.

साताऱ्याच्या शाळेत शिपाई आला तरच पाणी मिळे, नाहीतर तहानलेले राहावे लागे, ही बाबासाहेबांची आठवण आपल्याला पाठ आहे. २० मार्च १९२७ चे महाडही पाठ आहे. चवदार तळ्यापासून महानदीपर्यंतची ही १८ वर्षे आपण एका ओळीत कधी ठेवत नाही. पाण्याच्या अभावाने माणूस मरतो हे वाक्य इतर कोणत्याही मंत्र्याच्या तोंडी आकडेवारी म्हणून आले असते.

याच काळात दोन कायमस्वरूपी संस्था उभ्या राहिल्या. नोव्हेंबर १९४४ मध्ये विजेसाठी केंद्रीय तांत्रिक मंडळ, आणि एप्रिल १९४५ मध्ये जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयनाचा केंद्रीय आयोग. या दुसऱ्या आयोगाचे पहिले अध्यक्ष अ. ना. खोसला. आजचा केंद्रीय जल आयोग आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरण यांची मुळे इथे आहेत. विज्ञान-तंत्रज्ञान राष्ट्रीय धोरणात आणायचे म्हणजे एखाद्या मोठ्या शास्त्रज्ञाला दिल्लीत बोलावून भाषण करवणे नव्हे. सरकारच्या आतच मोजमाप करणारी, आकडे गोळा करणारी, प्रांतांना तांत्रिक सल्ला देणारी यंत्रणा हवी, मंत्री बदलला तरी टिकणारी. नवस्वतंत्र देशांपैकी अनेकांना हे फार उशिरा कळले. आणि दामोदरच्या वाटाघाटींत जी अडचण आली होती तिचे उत्तर पुढे संविधानात आले. आंतरराज्य नद्यांचे नियमन व विकास संघसूचीत ५६ व्या नोंदीत गेला, आणि पाणीतंट्यांसाठी अनुच्छेद २६२ आला.

तीन लाख रुपयांचे निवेदन

आता मुख्य मुद्द्याकडे. आमच्या मते या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा कागद धरणाचा नाही, विजेचाही नाही.

२९ ऑक्टोबर १९४२ रोजी, म्हणजे मंत्री होऊन जेमतेम तीन महिने झाले असताना, बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन दिले. त्यात राजकीय मागण्या आहेत, नोकऱ्यांच्या आहेत, आणि शिक्षणाची एक अगदी नेमकी मागणी आहे. दरवर्षी दोन लाख रुपये अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना देशातल्या विद्यापीठांत आणि तंत्रसंस्थांत विज्ञान व तंत्रज्ञान शिकण्यासाठी, आणि एक लाख रुपये याच विषयांच्या परदेशी शिक्षणासाठी. बनारस आणि अलीगढ विद्यापीठांना सरकार किती अनुदान देते याचा हिशेबही शेजारी मांडला आहे. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत शिकाऊ उमेदवार म्हणून जागा द्या, अशीही मागणी आहे. कारण साधे दिले आहे. विज्ञान-तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण सर्वांत महाग, म्हणून ते आमच्या आवाक्याबाहेर, आणि खरी संधी पुढे तिथेच आहे. सरकारने तीन लाखांची तरतूद मान्य केली.

तारखा जुळवून बघा. १९४२ मध्ये हे निवेदन. १९४३ मध्ये विजेचे भाषण. १९४४-४५ मध्ये तांत्रिक मंडळे आणि नदीखोरी. पुढे स्टील, सिमेंट, वीज, धरणे यांचा देश उभा राहणार हे त्यांना दिसत होते, आणि त्या देशात आपली माणसे फक्त पाट्या टाकायला जाणार की नकाशे काढायला, हा प्रश्न त्यांनी सर्वांत आधी विचारला होता. धरणाच्या आधी धरण कोण बांधणार याचा विचार. १९४६ मध्ये सुरू केलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या नावातही कला आणि विज्ञान दोन्ही होते, हे उगाच नाही.

म्हणजे बाबासाहेबांच्या विज्ञान धोरणात तीन गोष्टी एकमेकींत गुंफलेल्या होत्या. सरकारच्या आत तांत्रिक यंत्रणा. तंत्रज्ञानाची सार्वजनिक मालकी आणि गरिबासाठी वापर, जी पुढे १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' मध्ये मूलभूत उद्योगांच्या राष्ट्रीय मालकीपर्यंत गेली. आणि तिसरी, तंत्रज्ञान निर्माण करणाऱ्यांमध्ये अस्पृश्यांची जागा.

याच सुमारास, १९४५ मध्ये, काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांचे काय केले हा जाब विचारणाऱ्या ग्रंथात त्यांनी यंत्राविषयीचा वादही मिटवून टाकला. यंत्र माणसाला फुरसत देते, आणि फुरसतीशिवाय मनुष्याला संस्कृती नाही. ज्याला दिवसभर जनावरासारखे राबावे लागते तो विचार कधी करणार? यंत्राने दुःख आले असेल तर दोष यंत्राचा नाही, यंत्राचा फायदा मूठभरांच्या खिशात घालणाऱ्या समाजरचनेचा आहे. चरख्याकडे आणि खेड्याकडे परत जा म्हणणे म्हणजे बहुसंख्यांना परत उकिरड्यात पाठवणे. त्याच ग्रंथात भंगीकामाच्या उदात्तीकरणावर त्यांनी जो हल्ला चढवला आहे तो या यंत्रविचारापासून वेगळा काढता येत नाही. घाणीचे काम पवित्र आहे असे सांगितले की ते काम यंत्राने करायची गरजच कोणाला वाटत नाही.

पुढे काय झाले

१९४६ च्या मध्यावर ते मंत्रिमंडळ गेले. दामोदर खोरे महामंडळाचा कायदा आणि वीज पुरवठा कायदा हे दोन्ही १९४८ मध्ये काकासाहेब गाडगीळ मंत्री असताना झाले. बाबासाहेब कायदामंत्री होते. ऑक्टोबर १९५१ मध्ये राजीनाम्याचे जे निवेदन त्यांनी केले त्यात हिंदू कोड बिलाची हकीकत आपण वाचतो, पण सुरुवातीचा भाग घाईत सोडून देतो. मला एखादे प्रशासकीय खातेही हवे होते, नियोजन खाते देऊ असा शब्द पंतप्रधानांनी दिला होता, तो पाळला गेला नाही, असे ते तिथे सांगतात. वीज आणि पाणी यांच्या नियोजनाचा चार वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव असलेला अर्थशास्त्रज्ञ मंत्रिमंडळात बसलेला असताना १९५० चा नियोजन आयोग त्याच्याविना चालू झाला.

आणि मग १९५८ चा ठराव. आम्ही तो कमी लेखत नाही. विज्ञानाचे फायदे जनतेपर्यंत पोहोचावेत, संशोधकांना मान मिळावा, स्त्री-पुरुषांच्या प्रतिभेला वाव मिळावा, असे तो म्हणतो. त्या काळात एका गरीब देशाच्या सरकारने असे म्हणणे ही साधी गोष्ट नव्हती. पण त्यात जात हा शब्द नाही. बाबासाहेबांच्या तीनपैकी पहिली गोष्ट या राज्याने पूर्ण उचलली, दुसरी अर्धी उचलली, तिसरी गाळली. ज्या समाजात हजारो वर्षे ज्ञान एका जातीकडे आणि हातकाम दुसऱ्याकडे वाटून दिलेले होते, तिथे 'प्रतिभेला वाव' एवढेच म्हटले तर प्रतिभा कोणाच्या घरी सापडणार हे आधीच ठरलेले असते.

पहिली आयआयटी १९५१ मध्ये खरगपूरला सुरू झाली. अनुसूचित जाती-जमातींचे प्रवेश आरक्षण आयआयटीत आले १९७३ मध्ये. मधल्या २२ वर्षांत जे अभियंते बाहेर पडले, परदेशी गेले, परत येऊन संचालक झाले, निवड समित्यांवर बसले, त्यांचे जातीय चित्र काय असेल ते समाजशास्त्राच्या पदवीशिवायही सांगता येईल. वैज्ञानिक-तांत्रिक संशोधनाची वर्ग एकमधली वरची पदे तर आरक्षणाच्या आदेशांतूनच वगळली गेली. आणि हा केवळ जुना इतिहास नाही. २०१९ चा केंद्रीय शैक्षणिक संस्थांतील शिक्षक आरक्षणाचा कायदा उघडा. त्याच्या कलम ४ मध्ये अपवाद आहेत आणि मागे संस्थांची एक अनुसूची आहे : टाटा मूलभूत संशोधन संस्था, होमी भाभा राष्ट्रीय संस्था, राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, भौतिक संशोधन प्रयोगशाळा आणि आणखी काही. इथे शिक्षक नेमताना आरक्षण लागू नाही. कारण काय, तर या उत्कृष्टतेच्या संस्था आहेत. आपण असलो की उत्कृष्टता राहत नाही, हे संसदेने कायद्यात लिहून ठेवले आहे.

धरणांचेही बोलले पाहिजे. आपल्यातले काहीजण बाबासाहेबांचे नाव आले की विस्थापितांचा प्रश्न टाळतात, ते आम्हाला पटत नाही. दामोदरच्या आठ धरणांपैकी पहिल्या टप्प्यात चार झाली : तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत. जमीन गेली ती मुख्यतः आदिवासी आणि गरीब शेतकऱ्यांची. पंचेतचे उद्घाटन झाले ६ डिसेंबर १९५९ रोजी, बाबासाहेबांच्या तिसऱ्या महापरिनिर्वाण दिनी. नेहरूंनी बुधनी मेझान या पंधरा वर्षांच्या संथाळ मजूर मुलीच्या हाताने कळ दाबून घेतली. वर्तमानपत्रांत फोटो आले. स्वागताच्या वेळी तिने नेहरूंना हार घातला होता. परक्या पुरुषाला हार घातला म्हणजे लग्न झाले, असे म्हणून जमातीने तिला बहिष्कृत केले. १९६२ मध्ये महामंडळाने तिला कामावरून काढले. ती नोकरी परत मिळायला १९८० चे दशक उजाडावे लागले, तेही राजीव गांधींपर्यंत गाऱ्हाणे नेल्यावर. नोव्हेंबर २०२३ मध्ये ती वारली.

दोन्ही बाजूंनी तिच्यावर अन्याय झाला, एकीकडे रूढीने आणि दुसरीकडे आधुनिक महामंडळाने. म्हणून 'धरणेच नको, आदिवासी जुन्या पद्धतीनेच सुखी होते' हे म्हणणे आम्ही मान्य करत नाही, आणि 'विकासासाठी कोणाला तरी किंमत मोजावी लागते' हेही करत नाही. ती किंमत प्रत्येक वेळी त्याच घरातून का वसूल होते, एवढाच आमचा सवाल आहे. महामंडळाच्या संचालकांत एक संथाळ अभियंता असता तर बुधनीला फक्त कळ दाबायला बोलावले गेले नसते.

गटार

कोणता प्रश्न प्रयोगशाळेत जातो हे तिथे कोण बसले आहे यावर ठरते. याचा सर्वांत उघड पुरावा आपल्या पायाखाली आहे. हाताने मैला साफ करण्याविरुद्ध पहिला केंद्रीय कायदा १९९३ चा, दुसरा २०१३ चा. गटारात माणूस उतरवणे गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मृताच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यायला सांगितले, २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. तरी २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे आणि सेप्टिक टँक साफ करताना ३७७ माणसे मेल्याचे सरकारनेच संसदेत सांगितले. 'नमस्ते' योजनेत सुमारे ३८ हजार सफाई कामगारांची नोंद झाली तेव्हा त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी निघाले.

यंत्र करणे अशक्य होते का? जेटिंग आणि सक्शनच्या गाड्या कित्येक वर्षांपासून आहेत. त्या अरुंद गल्लीत जात नाहीत, हे कारण प्रत्येक नगरपालिका सांगते. मग गल्लीत जाणारे यंत्र करायचे होते. ते केरळमधल्या काही तरुण अभियंत्यांनी केले, आणि २०१८ मध्ये तिरुवनंतपुरमला 'बँडिकूट' मॅनहोलमध्ये उतरले. १९५८ चा ठराव होऊन तोवर ६० वर्षे झाली होती. मधल्या काळात देशाने अणुभट्ट्या केल्या, उपग्रह सोडले. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, आम्हीही टाळ्या वाजवल्या. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ३० लाखांचा तो निकाल आला.

हा पैशांचा किंवा बुद्धीचा प्रश्न नाही. मॅनहोल हा संशोधनाचा विषय आहे असे ज्यांच्या मनात येऊ शकले असते ते संशोधक झाले नाहीत, आणि जे संशोधक झाले त्यांच्या घरातले कोणी मॅनहोलमध्ये उतरत नव्हते.

एक सावधानता मात्र घ्यायला हवी. १९४२ च्या निवेदनात बाबासाहेबांनी कला आणि कायद्याच्या शिक्षणापेक्षा विज्ञान-तंत्रज्ञानावर भर दिला, हे वाक्य आता उलट आपल्यावरच वापरले जाते. २०२२ मध्ये राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या नियमांतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय काढून टाकले गेले. तुमच्याच बाबासाहेबांना विज्ञान हवे होते ना, असे तेव्हा काही जण म्हणाले. बाबासाहेबांनी नवे दार उघडून मागितले होते, जुने बंद करायला सांगितले नव्हते. स्वतः ते कोलंबियात अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र शिकले होते. जातीचा अभ्यास परदेशात करू नका म्हणणाऱ्या सरकारला १९१६ चा कोलंबियातला जातीवरचा निबंधही अडचणीचाच वाटला असता.

या वर्षी चैत्यभूमीवर किंवा दीक्षाभूमीवर जाल तेव्हा पुस्तकांच्या स्टॉलवर खंड १० मागा. आपापल्या नगरपालिकेत माहिती अधिकारात विचारा, की सफाईची यंत्रे किती घेतली, चालू किती, ठेकेदाराला माणूस न उतरवण्याची अट करारात आहे का. जवळच्या केंद्रीय संशोधन संस्थेला विचारा, की शास्त्रज्ञांच्या मंजूर पदांपैकी अनुसूचित जातींची किती भरली. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. 'माहिती संकलित केलेली नाही' असे उत्तर आले तर तेही जपून ठेवा, पहिल्या अपिलाला लागते.